विसरलेल्या औषधाची कहाणी

दौलताबादचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं आपली राजधानी दिल्लीहून तिथं हलवली, हे तर शाळेच्या पुस्तकातच असतं. पण शाळेच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट इब्न बतूता या प्रवाशानं लिहून ठेवली आहे. सुलतानासाठी गंगेचं पाणी थेट दौलताबादेपर्यंत वाहून आणलं जाई, आणि ती वाट होती चाळीस दिवसांची! पुढं सोळाव्या शतकात अकबर बादशहाही, महालात असो की मुक्कामावर, गंगेचंच पाणी पीत असे, अशी नोंद अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. गंगेचं पाणी साठवलं तरी नासत नाही, ही त्या पाण्याची ख्याती धर्माच्या सीमा ओलांडून पसरलेली होती.

आता ख्याती ही ख्याती असते. तिची परीक्षा कोणी घेतली का? घेतली. १८९६ साली, आग्र्यात. परीक्षा घेणाऱ्याचं नाव अर्नेस्ट हॅनबरी हँकिन. हा इंग्रज तिथं सरकारचा रासायनिक परीक्षक होता.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. शिक्षण बी. ए.पर्यंतचं आणि उरलेलं आयुष्य कवितेच्या वहीत गेलेलं. हा हँकिन मला पहिल्यांदा भेटला तोही रोगजंतूंच्या पुस्तकात नाही. फत्तेपूर सिक्री आणि आग्रा इथल्या इमारतींवरची भौमितिक नक्षी जुन्या कारागिरांनी कशी आखली असेल, यावर त्यानं एक पुस्तिका लिहिली होती. भारतीय पुरातत्त्व खात्यानं ती १९२५ साली छापली. षट्कोनातून तारा, ताऱ्यातून पुन्हा षट्कोन, अशी ती गुंतागुंत त्यानं एकेक रेघ उलगडून दाखवली आहे. एवढ्या नजरेचा हा माणूस पोटासाठी काय करत होता, हे शोधताना मी त्याच्या गंगेच्या पाण्यापाशी पोचलो. तिथून एक कहाणी सुरू होते. ती पॅरिस, अलेक्झांड्रिया, मुंबई, पंजाब, आसाम आणि जॉर्जिया असा फेरफटका मारते आणि आज पुन्हा आपल्या दाराशी येऊन उभी राहते.

हँकिनच्या काळात पटकी, म्हणजे कॉलरा, हे साक्षात मरण होतं. आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार ढकलून देत. मग पुढच्या गावानं तो त्यांच्या शिवेपार ढकलायचा. विहिरीत लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकून पाणी गुलाबी करण्याची जी पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, ती हिंदुस्थानात रूढ करण्यात या हँकिनचा मोठा हात होता. त्यानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडून पाहिले. काही तासांत ते मेले. तेच पाणी आधी उकळून घेतलं, तर जंतू मरेनात, उलट वाढू लागले. हा निबंध त्यानं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापला. त्याच वर्षी मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक हिंदुस्थानात फिरत होता. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या प्रयोगाची हकिकत मोठ्या चवीनं सांगितली आहे.

पाण्यात असं काय होतं? हँकिनला वाटलं, उडून जाणारं एखादं द्रव्य असावं. कारण नळीचं तोंड पक्कं बंद करून पाणी तापवलं, तर गुण टिकतो असं त्याला दिसलं होतं. हे तपशील महत्त्वाचे आहेत. हल्ली बरेच लेख ‘हँकिननं १८९६ मध्येच जिवाणूभक्षक विषाणू शोधला’ असं ठोकून देतात. पण हे विषाणू इतक्या उष्णतेत तग धरत नाहीत. म्हणून त्याला ते सापडलेच होते, असं मी म्हणणार नाही. शिवाय अशा शोधातून नदी शुद्ध ठरत नाही. जिवाणू खाणारे विषाणू भरपूर तिथंच असतात, जिथं जिवाणूही भरपूर असतात. म्हणजे गटारात, सांडपाण्यात, विष्ठेत. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण पुढची सगळी कहाणी यावरच उभी आहे.

थोडं समजून घेऊ. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. एका पेशीचा का होईना, पण स्वतःचा संसार असलेला जीव. खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूला संसार नाही. दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिवाय त्याची वंशवेल वाढत नाही. सर्दीचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो. तसे काही विषाणू फक्त जिवाणूंच्या पेशीत शिरतात. त्यांना म्हणतात बॅक्टेरिओफेज. आपण जिवाणूभक्षक किंवा नुसतं भक्षक म्हणू. हा भक्षक जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला वारसा सांगणारा धागा आत सोडतो आणि जिवाणूचा सगळा कारखाना आपल्या कामाला जुंपतो. अर्ध्या-पाऊण तासात जिवाणू फुटतो आणि शे-दीडशे नवे भक्षक बाहेर पडतात. ते पुढच्या जिवाणूंना गाठतात. जिवाणू संपले की यांचंही काम संपतं. माणसाच्या पेशीला ते हात लावत नाहीत. आणि प्रत्येक भक्षकाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. पटकीच्या जंतूचा भक्षक हगवणीच्या जंतूकडे ढुंकूनही पाहत नाही. एकेका कुलपाला एकेक किल्ली, असा हा मामला.

या भक्षकाची पहिली नीट नोंद झाली १९१५ साली. लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टनं पाहिलं, की काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूंचे काही ठिपके विरघळून काचेसारखे पारदर्शक होत आहेत. त्यानं ते छापलं, पण महायुद्ध चालू होतं, पैसा नव्हता, आणि गोष्ट तिथंच राहिली. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल या माणसानं तेच स्वतंत्रपणे पाहिलं आणि त्याला नाव दिलं, बॅक्टेरिओफेज.

हा देरेल अजब वल्ली होता. १८७३ साली पॅरिसमध्ये जन्मला, पण स्वतःला कॅनडाचा म्हणवत असे. वैद्यकाची पदवी नाही. भावाबरोबर चॉकलेटचा कारखाना काढला, तो बुडाला. ग्वातेमालात केळ्यांपासून दारू गाळायचे प्रयोग केले. मेक्सिकोत टोळांना मारणारा जंतू शोधला. असा माणूस युद्धकाळात फ्रेंच सैनिकांच्या रक्ती हगवणीचा तपास करत होता. रुग्णांची विष्ठा पाण्यात कालवून तो चिनी मातीच्या गाळणीतून गाळी. ती गाळणी एवढी बारीक, की जिवाणू पलीकडे जाऊच शकत नाहीत. तरीही गाळून आलेलं पाणी हगवणीच्या जंतूंच्या गढूळ मिश्रणात टाकलं, की मिश्रण निवळशंख होई. त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे, की नळी निवळलेली पाहताच तो रुग्णालयाकडे धावला. ज्याच्या विष्ठेतून ते पाणी काढलं होतं, तो रुग्णही रात्रीतून सावरला होता.

१९१९ साली त्यानं पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात बारा वर्षांच्या एका मुलाला हे औषध दिलं. आधी स्वतः प्यायला, तिथल्या डॉक्टरांनाही पाजलं. कोणाला काही झालं नाही, तेव्हा मुलाला दिलं. मुलगा बरा झाला. १९२५ साली अलेक्झांड्रियात जहाजावरून उतरवलेल्या चार प्लेगच्या रुग्णांच्या गाठींत त्यानं भक्षकाची इंजेक्शनं दिली. चौघेही वाचले. तो भक्षक त्यानं काही वर्षांपूर्वी इंडोचायनात उंदराच्या विष्ठेतून मिळवला होता.

प्लेग म्हटल्यावर मुंबईचं नाव येणारच. १८९६ च्या साथीत मुंबईनं जे भोगलं त्यातूनच वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा उभी राहिली होती. परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलवलेली हीच ती आपली हाफकिन संस्था. अलेक्झांड्रियाची बातमी पसरल्यावर ब्रिटिश सरकारनं देरेलला तिथं बोलावलं. पाठोपाठ, १९२७ साली, तो पटकीसाठी पुन्हा हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलात आणि मग पंजाबच्या खेड्यांत त्यानं माल्कन आणि लाहिरी... नावं घ्यायचीच तर मेजर माल्कन नव्हे, मेजर मॅलोन आणि डॉ. लाहिरी या दोन सहकाऱ्यांबरोबर रुग्णांना भक्षकाचं औषध पाजलं. पटकीच्या भक्षकाचं पाणी विहिरींतही ओतलं. पंजाबातला हिशेब असा निघाला, की औषध घेतलेल्यांत शेकडा दहापेक्षा कमी लोक दगावले आणि न घेतलेल्यांत शेकडा साठाहून जास्त.

हे आकडे ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतील. सरकारचेही विस्फारले. ‘बॅक्टेरिओफेज इन्क्वायरी’ नावाची चौकशी सुरू झाली. पाटण्यात इगोर अशेशोव्ह हा रशियन वंशाचा संशोधक आणि आसामात लेफ्टनंट कर्नल मॉरिसन कामाला लागले. मॉरिसननं दोन भाग निवडले. नौगाँव भागात गावोगावी भक्षकाच्या कुप्या ठेवायच्या, हबीगंज भागात ठेवायच्या नाहीत. हबीगंज तेव्हा आसामात होतं, आज बांगलादेशात आहे. काही वर्षांनी पाहिलं तर नौगाँवात साथींचा जोर ओसरलेला दिसला.

मग झालं काय? एवढं सगळं हाताशी असताना १९३६ साली ही चौकशी गुंडाळली गेली आणि आपण ते औषध विसरलो. का?

पहिलं कारण म्हणजे मोजमाप. पंजाबात कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. दोन्ही गट सारखे होते, असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. औषधाची खरी परीक्षा घ्यायची तर रुग्ण चिठ्ठीनं वाटावेत, हा दंडक वैद्यकात रुजला तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस. आसामातही प्रश्न होताच. पटकीची साथ स्वतःहूनही ओसरते. एका भागात ती ओसरली आणि दुसऱ्यात ओसरली नाही, तर श्रेय औषधाचं की ऋतूचं, पाण्याचं, नशिबाचं? अशी परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. ती दहा ठिकाणी, दहा वेळा घ्यावी लागते.

दुसरं कारण बाजार. युरोप-अमेरिकेत कंपन्यांनी भक्षकाच्या बाटल्या विकायला काढल्या. कुलूप कोणतं आणि किल्ली कोणती याचा विचार न करता, नागिणीपासून मूतखड्यापर्यंत सगळ्यावर चालणारं औषध म्हणून काहींनी ते खपवलं. काही बाटल्यांत टिकण्यासाठी घातलेल्या रसायनांनी भक्षकच मरून जात. १९३४ साली अमेरिकेत दोन डॉक्टरांनी तोवरचा सगळा पुरावा तपासला आणि तो फार डळमळीत असल्याचं लिहिलं. तिसरं कारण पंडितांचं भांडण. नोबेल मिळवलेले जूल बोर्दे म्हणत, हा विषाणू नाहीच, जिवाणूतलंच काही विकर आहे. भक्षक डोळ्यांना दिसत नव्हता, तोवर वाद मिटणार कसा? १९४० साली जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची छायाचित्रं निघाली, तेव्हा देरेल खरा ठरला. पण तोवर पेनिसिलिन दारात येऊन उभं होतं.

चौथं कारण राजकारणाचं, आणि ते अंगावर काटा आणणारं आहे. गिओर्गी एलियावा हा जॉर्जियाचा तरुण संशोधक पॅरिसला देरेलकडे शिकला होता. १९२३ साली त्यानं त्बिलिसी शहरात जिवाणूशास्त्राची संस्था काढली. १९३३ नंतर देरेल स्वतः तिथं जाऊन राहिला, काम केलं, १९३५ साली त्याचं पुस्तक तिथं छापलं गेलं आणि ते त्यानं स्टालिनला अर्पण केलं. दोन मित्रांचं स्वप्न होतं, की जगातलं सर्वांत मोठं भक्षककेंद्र तिथं उभारायचं. १९३७ साली स्टालिनच्या दडपशाहीत एलियावाला ‘लोकशत्रू’ ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या गायिका पत्नीलाही मारलं गेलं. देरेल पुन्हा तिकडे फिरकला नाही. १९४९ साली पॅरिसमध्ये वारला.

संस्था मात्र मेली नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिकांच्या जखमांवर आणि हगवणीवर तिथली औषधं वापरली गेली. पुढंही त्या देशांत भक्षकाची औषधं दुकानात मिळत राहिली. पण तिथले निबंध रशियन आणि जॉर्जियन भाषांत, तिथले आकडे लोखंडी पडद्याआड. पश्चिमेत त्यांना वाचणारं कोणी नव्हतं, आणि ज्यांनी वाचलं त्यांचा विश्वास बसला नाही. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला, त्बिलिसीत तासन्‌तास वीज जाऊ लागली आणि शीतकपाटातला कित्येक वर्षांचा संग्रह वाचवण्यासाठी तिथल्या लोकांना झगडावं लागलं.

आपल्याकडे पटकीचं काय झालं, तेही सांगायला हवं. १९५९ साली कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषानं आतड्यातून पाणी वाहू लागतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आलं. ज्या रोगासाठी देरेल हिंदुस्थानात आला, त्याला भक्षकापेक्षा सोपं औषध स्वयंपाकघरात सापडलं. याचा आनंदच मानायला हवा. इतर जंतूंसाठी पेनिसिलिन आणि त्याची भावंडं होतीच. गोळी घ्या, बरे व्हा. जंतूचं नाव-गाव विचारायची गरज नाही. अशा वेळी गटाराच्या पाण्यात किल्ल्या शोधत कोण बसणार?

पण ती गोळी आता चालेनाशी झाली आहे. हे मी आकड्यांच्या आधी घरात पाहिलं. आमचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, मधुमेहाचे जुने रुग्ण. पायाला चपलेचा खिळा लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना, तेव्हा पू तपासायला दिला. रिपोर्टात एका खाली एक अठरा औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. तरुण डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, “चाचा, एस असेल तर ते औषध लागू पडतं. आर असेल तर जंतू त्याला जुमानत नाही.” मी बोट ठेवून वाचत गेलो. आर, आर, आर, आर. सोळा ठिकाणी आर. उरलेल्या दोन औषधांपैकी एकानं भाईजानच्या मूत्रपिंडाला धोका होता. दुसरं शिरेतून द्यायचं, महागडं. ते दिलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. भाईजान हसून म्हणाले, “आठ बोटांनीही मशिदीपर्यंत चालता येतं.” मला हसू आलं नाही.

जगभराचा हिशेब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली छापून आला. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली. ज्या मृत्यूंत अशा जिवाणूंचा काही ना काही हात होता, ते धरले तर आकडा ५० लाखांच्या घरात जातो. नवी प्रतिजैविकं निघण्याचा वेग मंद आहे, आणि जिवाणू शिकण्यात मंद नाहीत.

म्हणून जगाला आता त्बिलिसी आठवली आहे. २०१५ च्या अखेरीस टॉम पॅटरसन हे अमेरिकन प्राध्यापक इजिप्तच्या सहलीत आजारी पडले. पोटात एक हट्टी जिवाणू घर करून बसला होता. सॅन डिएगोच्या रुग्णालयात ते बेशुद्धीत गेले. एकही औषध लागू पडेना. त्यांची पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. तिनं जुने निबंध धुंडाळले, टेक्सासच्या विद्यापीठाला आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेला गळ घातली. २०१६ च्या मार्चमध्ये सांडपाण्यासारख्या ठिकाणांहून मिळवलेले भक्षक पॅटरसन यांच्या शिरेतून सोडले गेले. काही दिवसांत ते शुद्धीवर आले आणि पुढं घरी गेले.

दुसरी हकिकत लंडनची. पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुसरोपणानंतर क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद तिच्या अंगभर पसरला होता. तिला जे तीन भक्षक दिले, त्यातला एक काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत एका सडलेल्या वांग्यावर सापडला होता. आपण उकिरड्यावर फेकतो, तसलं वांगं! भक्षक थोडे बदलून घ्यावे लागले. मुलगी त्या वेळी सावरली. संसर्ग पुरता गेला नाही, पण आटोक्यात आला. २०१९ साली ही बातमी जगभर गेली.

अशा हकिकती ऐकल्या की मन मोहरतं. आणि नेमकं इथंच मला पंजाबातले ते आकडे आठवतात. एक माणूस वाचला ही बातमी असते. दुसरे वाचतील का, हे मोजूनच कळतं. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर भक्षकाची रीतसर चाचणी झाली, २७ रुग्णांवर. नेहमीच्या मलमापेक्षा भक्षक मागे पडले. तपासलं तर कळलं, साठवणीत ते मरत गेले होते आणि रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पटींनी कमी औषध मिळालं होतं. ढाक्यात अतिसाराच्या १२० मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. अपाय नव्हता, पण गुणही दिसला नाही. उलट २०२४ साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी बऱ्याच देशांतल्या १०० रुग्णांचा अनुभव छापला. ७७ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, ६१ टक्क्यांत तो जंतू नाहीसा झाला. मात्र बहुतेकांना जोडीला प्रतिजैविकंही चालू होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी आपण पुन्हा पंजाबच्याच प्रश्नापाशी आलो आहोत.

आणखी एक गोष्ट ऐका. १९९६ साली दोन अमेरिकन संशोधकांना आढळलं, की डॉ. डे यांनी शोधलेलं पटकीचं ते विष मुळात जिवाणूचं नाहीच. एक भक्षक पटकीच्या जंतूत शिरतो, त्याला फोडत नाही, मुकाट्यानं आत राहतो आणि ते विष बनवण्याची कृती त्याला देऊन टाकतो. म्हणजे काही भक्षक जंतूला मारतात, तर काही त्याला जास्त घातक करतात. औषधासाठी भक्षक निवडताना ही पारख करावी लागते. देरेलच्या काळी ती करायची सोय नव्हती. आज आहे. भक्षकाची सगळी कुंडली प्रयोगशाळेत वाचता येते.

म्हणून मला वाटतं, ही कहाणी आपल्याला परकी मानून चालणार नाही. हरवलेलं हे औषध आपल्याच हॉस्पिटलांत, आपल्याच विहिरींत, आपल्याच माणसांवर पारखलं जात होतं. त्यातल्या कोणाला कुप्या मिळाल्या, कोणाला नाही. कोणी जगलं, कोणी गेलं. त्यांच्याकडून जग जे शिकू शकलं असतं, ते अर्धवट राहिलं. कारण मोजायला लागणारा धीर सरकारपाशी नव्हता, बाजारापाशी नव्हता आणि हुकूमशहापाशी तर नव्हताच. आज पुन्हा घाई सुरू झाली आहे. बाटल्या विकणारे आधी येतील, मोजणारे मागून. आपल्याकडे सांडपाणी मुबलक आहे, औषधांना न जुमानणारे जंतूही दुर्दैवानं मुबलक आहेत. हुशार तरुण संशोधकही आहेत. आपल्या रुग्णालयांतले जंतू, त्यांचे भक्षक आणि चिठ्ठ्या टाकून नीट घेतलेल्या चाचण्या, एवढं आपलं आपण उभं केलं पाहिजे. सरकारकडे मागायचं असेल तर हे मागावं.

आणि तोवर? साध्या सर्दी-पडशाला डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरू नये. सर्दी विषाणूंची असते, त्या गोळीनं ती जात नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून आपण घेऊ नये. भाईजानच्या रिपोर्टात अजून दोन एस शिल्लक होते. ते दोन आपल्या नातवंडांच्या रिपोर्टातही असावेत, म्हणून एवढं तरी करू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)